नानांचा रेझर आणि न मिळणारं पातं

गेल्या मे महिन्यात अम्मी माहेरचं घर आवरायला रत्नागिरीकडे गेली होती. त्या घरात आता कुणी राहत नाही. परत आल्यावर तिने माझ्या हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला. म्हणाली, "तुझ्या नानांचा आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तू ठेव."

डब्यात तुरटीचा झिजलेला खडा होता, केस झडलेला ब्रश होता, तळहाताएवढा आरसा होता आणि एक रेझर होता. रेझर मी हातात घेतला आणि सवयीने त्याची मूठ फिरवून पाहिली. आपल्याकडच्या रेझरची मूठ फिरवली की वरचं झाकण सुटतं किंवा दोन दारं उघडतात आणि ब्लेड बाहेर येतं. इथे काहीच फिरेना. डोकं एकाच बाजूला वाकलेलं, लहानशा खुरप्यासारखं. धारही एकाच बाजूला. डोक्याच्या कडेला एक बारीक फट होती आणि त्या फटीत गंजलेलं पातं अडकून बसलं होतं.

नाना खलाशी होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यानपिढ्या बोटीवर गेले. त्यांनी घरी काय आणलं याची यादी केली तर समुद्रापलीकडचा अर्धा बाजार त्यात येईल. कुणी घड्याळ आणलं, कुणी रेडिओ, कुणी चिनी मातीच्या बश्या. नानांनी कुठल्याशा अमेरिकन बंदरातून हा रेझर आणला होता, एवढंच अम्मीला आठवत होतं.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी भिंगाखाली धरून त्यावरची पुसट अक्षरं वाचली. 'शिक' आणि 'इंजेक्टर'. मग माझा शोध सुरू झाला. रेझर चालू करायचा, नानांच्या रेझरने एकदा तरी दाढी करायची. त्यासाठी लागणार होतं एक पातं. वाटलं, त्यात काय एवढं!

अर्धं ब्लेड

सुरुवात शहाड स्टेशनजवळच्या सलूनपासून केली. तिथले कारागीर मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी रेझर उलटसुलट पाहिला आणि आपला वस्तरा पुढे केला. आजचा वस्तरा म्हणजे घडीची मूठ आणि तिच्या चिमट्यात अर्धं ब्लेड. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, एक तुकडा चिमट्यात सरकवायचा, गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचा. पूर्वी असं नव्हतं. पूर्वीचा वस्तरा अखंड पोलादाचा असे. तो दगडावर लावायचा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा आणि दिवसभर त्याच धारेने गावाच्या दाढ्या करायच्या. १९९० च्या दशकात एड्सची भीती आणि माहिती दोन्ही पसरली, तेव्हा गिऱ्हाईकच विचारू लागलं, "ब्लेड नवीन आहे ना?" त्या एका प्रश्नाने पिढ्यानपिढ्यांचा वस्तरा पेटीत गेला.

कारागिरांनी अर्धं ब्लेड नानांच्या रेझरच्या फटीशी धरून पाहिलं. रुंदी बरोबर जुळत होती. दुधारी ब्लेड साधारण २२ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे अर्धं ११. इंजेक्टरचं पातंही तेवढंच रुंद. लांबी थोडी जास्त होती, पण दोन्ही टोकं मोडली असती तर तीही जमली असती. नडली ती जाडी. आपलं ब्लेड असतं एक दशांश मिलिमीटर जाड. इंजेक्टरचं पातं त्याच्या अडीच पट जाड, पाव मिलिमीटर. दुधारी ब्लेड इतकं पातळ असल्यामुळे त्याला वरून झाकणाने दाबून, वाकवून धरावं लागतं. इंजेक्टरमध्ये पातं सपाट असतं आणि आतली स्प्रिंग त्याला जागेवर ठेवते. त्या स्प्रिंगखाली आपला अर्धा तुकडा सैल राहणार, थरथरणार आणि गाल कापणार.

"सर, याच्या नादाला लागू नका," कारागीर म्हणाले, "तोंडाचा नकाशा होईल."

तिथून पूल ओलांडून उल्हासनगर. ज्या छावणीत दुसऱ्या महायुद्धात सैनिक ठेवले होते, त्याच कल्याण कॅम्पात १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. इथे मिळत नाही अशी वस्तू नाही, अशी आपली समजूत. एका म्हाताऱ्या दुकानदाराने रेझर पाहून तोच जुना विनोद केला, "मास्तर, यूएसएचा माल आहे ना? मग यूएसएमध्येच बनवून देऊ." यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हसून झालं. पण पातं त्याच्याकडेही नव्हतं. नंतर कल्याण झालं, क्रॉफर्ड मार्केट झालं, चोर बाजार झाला. चोर बाजारात तर असाच आणखी एक रेझर मिळत होता, माझ्यासारखाच, पात्याशिवाय.

रेझर आहे आणि पातं नाही. हे असं का होतं, या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेलं. आणि पात्याचा इतिहास वाचता वाचता मी नानांच्या डब्यापासून बराच लांब गेलो.

शब्दांची धोकटी

आधी थोडं भाषेबद्दल, कारण माझा धंदा तो. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. आठवीच्या वर्गात 'हजामत' हा शब्द आला की पोरं हसतात. मी त्यांना विचारतो, हा शब्द कुठला? कुणी म्हणतं मराठी, कुणी म्हणतं उर्दू. मूळ अरबी. 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढण्याचा उपचार. तो करणारा तो 'हज्जाम'. जुन्या काळी हेच लोक जखमा बांधत, गळवं फोडत, मुलांची सुंता करत आणि दाढीही करत. उपचार मागे पडले आणि दाढी तेवढी उरली. 'वस्तरा' हा फारसी 'उस्तुरा'. 'न्हावी' मात्र थेट इथला, संस्कृत 'नापित'पासून प्राकृतातून उतरलेला. म्हणजे मराठी न्हावी फारसी वस्तऱ्याने अरबी हजामत करतो, आणि हे सगळं सामान ठेवतो धोकटीत. कुठला शब्द कोणाचा म्हणून भांडणाऱ्यांनी एकदा सलूनमध्ये अर्धा तास बसावं.

आपल्यातले बरेच मुस्लीम कारागीर स्वतःला सलमानी म्हणवतात आणि आपली परंपरा हजरत सलमान फारसी यांच्याशी जोडतात. नाव मोठं आहे. पण आपल्याच घरांत 'हज्जाम' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, हेही आपल्याला माहीत आहे. सोयरीक जुळवताना कोण कुठल्या कामाचा, हे आपणही विचारतो. मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि बाहेर आल्यावर कामावरून माणूस मापायचा. पुढे जे लिहितो आहे ते वाचताना हा आरसा आपणही आपल्यासमोर धरावा.

वस्तरा खाली ठेवणारे हात

१८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि ठरवलं की विधवांचं केशवपन आपण करणार नाही. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी.

त्या काळी ब्राह्मण आणि काही वरच्या म्हणवणाऱ्या जातींत नवरा गेला की बाईचं डोकं भादरलं जाई. वय बारा असो की साठ. केस वाढले की पुन्हा न्हावी येई, पुन्हा वस्तरा फिरे. मरेपर्यंत. फुले पती-पत्नींनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते अशाच विधवांसाठी. सुधारक लेख लिहीत होते, व्याख्यानं देत होते. पण ज्यांच्या हातून हे प्रत्यक्ष घडत होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या हातांनी स्वतःच सांगितलं की आम्ही हे करणार नाही. विधवा आमच्या बहिणी आहेत, त्यांच्या डोक्यावर आम्ही हत्यार चालवणार नाही.

लगेच प्रथा थांबली असं नाही. ती विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. तरीही मला ही घटना मोठी वाटते. न्हावी बलुतेदार. गावाच्या धान्यावर जगणारा. त्याला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. पोटावर पाय येण्याची भीती असताना त्याने वस्तरा खाली ठेवला.

त्याच वर्षी जूनमध्ये लोखंड्यांच्या प्रयत्नांमुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामगारांची सुट्टी रविवारी, म्हणून त्यांची दाढी आणि कटिंगही रविवारी. रविवारी सगळं गाव सलूनमध्ये, म्हणून महाराष्ट्रात कारागिरांची सुट्टी सोमवारी. आमच्या शहाडला रेयॉन कारखान्याच्या पाळ्यांमुळे आठवड्यातल्या कुठल्याही वारी भोंगा वाजायचा, तरी सलून बंद ते सोमवारीच. ही सोमवारची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साताऱ्याचा ओटा

'नाही' म्हणणं दर वेळी एवढं सुंदर नसतं. त्याच दशकात साताऱ्यात एक कुटुंब राहत होतं. वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. घरात पैसे होते, गावात न्हावीही होते. पण कुठलाही न्हावी त्या घरातल्या मुलांचे केस कापायला तयार नव्हता, कारण ते कुटुंब महार होतं. म्हणून मोठी बहीण धाकट्या भावांना घराच्या ओट्यावर बसवायची आणि त्यांचे केस स्वतः कापायची. कापून कापून तिचा हात चांगलाच बसला होता. त्या भावांपैकी एकाचं नाव भीमराव. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे.

एकच वस्तरा आणि एकच नकार. मुंबईत त्याने माणुसकी राखली, साताऱ्यात माणुसकी नाकारली. साताऱ्याच्या न्हाव्याला झाकायचं म्हणून सांगत नाही, पण तोही बांधलेला होता. महाराच्या मुलाच्या डोक्याला त्याने हात लावला असता तर उरलेल्या गावाने त्याच्यापुढे डोकं झुकवलं नसतं आणि सुगीला धान्यही दिलं नसतं. भिणारा माणूस सोपा नकार निवडतो, वरच्याला होकार आणि खालच्याला नकार. मुंबईच्या न्हाव्यांनी अवघड नकार निवडला. म्हणून १८९० ची ती सभा लक्षात ठेवायची. केस कापायला नकार दिल्याच्या बातम्या आजही अधूनमधून कुठल्या ना कुठल्या गावातून येतात, म्हणजे साताऱ्याचा ओटा अजून रिकामा झालेला नाही.

भीमरावांच्या बहिणीने केस कापले तेव्हा घरच्या घरी, न कापता दाढी करता येईल असं स्वस्त हत्यार बाजारात आलं नव्हतं. ते यायला थोडीच वर्षं बाकी होती.

वापरा आणि फेका

किंग कॅम्प गिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. बाटल्यांची पत्र्याची बुचं करणाऱ्या कंपनीत नोकरी. त्या बुचाचा शोध लावणारा मालक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला होता, असं काही शोध की लोक ते वापरतील, फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील. १८९५ मध्ये आरशासमोर बोथट वस्तरा हातात धरून उभा असताना गिलेटला सुचलं की धार तेवढी हवी, बाकीचं लोखंड कशाला? पातळ पत्र्याला धार लावायची आणि बोथट झाली की पत्रा फेकून द्यायचा.

सुचायला सोपं होतं, करायला नाही. इतक्या पातळ पोलादाला कडक करून धार लावता येणार नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते साधलं. १९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. १९०४ मध्ये पेटंट मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. खंदकात विषारी वायू सोडला जाई. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी चालत नव्हती, आणि खंदकात न्हावी कुठून आणणार? युद्ध संपलं. सैनिक रेझर आणि रोज स्वतः दाढी करण्याची सवय, दोन्ही घेऊन घरी गेले.

गंमत म्हणजे याच गिलेटने १८९४ मध्ये 'द ह्यूमन ड्रिफ्ट' नावाचं पुस्तक लिहून बाजारातली स्पर्धा हे सगळ्या दुःखांचं मूळ आहे, असं मांडलं होतं. आयुष्याने त्याला जगातल्या मोठ्या कारखानदारांत नेऊन बसवलं.

बंदुकीतून आलेला रेझर

आता नानांच्या रेझरचा जनक. जेकब शिक हा अमेरिकन सैन्यातला अधिकारी. जन्म १८७७. फिलिपाइन्समध्ये आणि नंतर अलास्काच्या बर्फात त्याने नोकरी केली. गिलेटच्या ब्लेडची एक अडचण होती. दर वेळी रेझर उघडायचा, दोन्हीकडे धार असलेलं तेलकट ब्लेड ओल्या बोटांनी धरायचं, पुन्हा बसवायचं. थंडीने बोटं बधिर झाली असतील तर रक्त ठरलेलं. शिकने लष्करी बंदुकीकडे पाहिलं. तिच्यात गोळ्या एकावर एक रचलेल्या असतात, खटका मागे-पुढे केला की पुढची गोळी आपोआप जागेवर येते. पात्यांचं तसं का करू नये?

१९२० च्या दशकात त्याचा रेझर बाजारात आला. कंपनीचं नावच 'मॅगझिन रिपीटिंग रेझर'. पुढे त्यातूनच इंजेक्टर तयार झाला. पाती एका चपट्या धातूच्या डबीत एकावर एक असतात. डबीची जीभ रेझरच्या फटीत घालायची आणि वरचा खटका सरकवायचा. नवं पातं आत जातं आणि जाताना जुन्याला दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलतं. पात्याला बोट लावायचं कामच नाही.

आता विचार करा, बोट डुलते आहे, खाली यंत्र धडधडतं आहे आणि खलाशी आरशासमोर उभा आहे. उघडा वस्तरा तिथे म्हणजे जीवाशी खेळ. नानांनी हा रेझर का निवडला असेल, हे मला इथे कळलं.

शिक मात्र एवढ्यावर थांबला नाही. त्याने कंपनीतला आपला हिस्सा विकला आणि विजेचा रेझर काढला. १९३१ मध्ये तो बाजारात आला. ना साबण, ना पाणी. मराठीत आपण 'बिनपाण्याची हजामत' म्हणतो ती कुणाची फजिती करण्याला. शिकने ती खरोखर करून दाखवली.

चावी कुणाच्या हातात

मग गिलेटचं जुनं दुधारी ब्लेड आजही शहाडच्या पानटपरीवर मिळतं आणि शिकचं पातं का मिळत नाही?

गिलेटचं मूळ पेटंट १९२१ मध्ये संपलं. त्यानंतर ते ब्लेड कुणीही बनवू लागलं. १९३० च्या सुमारास मधल्या लांबट खाचेचा आकार ठरून गेला आणि जगभर तोच चालू राहिला. कुणाचाही रेझर घ्या, कुणाचंही ब्लेड घाला. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं आली, तेव्हा इथल्या कारखानदारांनी हाच आकार उचलला. मल्होत्रा कुटुंब १९४९ पासून या धंद्यात आहे. त्यांचं टोपाझ कुणाच्या घरी नव्हतं? आणि सुपरमॅक्स तर आपल्या ठाण्याचं. लाल बहादूर शास्त्री मार्गावर विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना उभा राहिला आणि ठाण्याची ब्लेडं देशोदेशी गेली. ट्रेनने ठाण्यावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की दूर कुठल्यातरी देशातला माणूस सकाळी ठाण्याच्या धारेने दाढी करत होता?

ब्लेड स्वस्त झालं तरी आपण ते लगेच फेकत नव्हतो. अब्बा बोथट ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून आणखी दोन-चार दाढ्या काढायचे. नंतर ते अम्मीच्या शिवणाच्या डब्यात जायचं, टाके उसवायला. शेवटी अर्धं होऊन आमच्या कंपासपेटीत, पेन्सिलीला टोक करायला. गिलेटने शोध लावला वापरून फेकण्याचा. आमच्या घराने तो मान्य केला नाही.

शिकचं पातं मात्र मोजक्याच कंपन्यांच्या हातात राहिलं. आपल्याकडे ते कुणी बनवायला घेतल्याचं मला दिसलं नाही. १९७१ मध्ये गिलेटने दोन पात्यांचं बंद कार्ट्रिज आणलं, काही वर्षांत फेकायचे प्लॅस्टिकचे रेझर आले आणि इंजेक्टरचं गिऱ्हाईक आटत गेलं. रेझर शंभर वर्षं टिकेल असा, पण पातं बनवणाऱ्याने हात आखडला की तो निव्वळ लोखंड.

इथे मला साताऱ्याचा ओटा पुन्हा आठवला. ज्या दिवशी स्वस्त ब्लेड माणसाच्या स्वतःच्या हातात आलं, त्या दिवशी गावाच्या नकारातला थोडा तरी जोर गेला. आपला गाल, आपला हात, चार आण्याचं ब्लेड. गावाची परवानगी लागत नाही. हे घडू शकलं कारण त्या ब्लेडवर कुणा एकाची मालकी उरली नव्हती. ते बंद कार्ट्रिजसारखं असतं तर न्हाव्याच्या जागी कंपनी आली असती, एवढाच फरक पडला असता. आज कार्ट्रिजच्या किमती पाहिल्या की तसंच झालंय की काय, असं वाटतं.

जुनं पातं बाहेर आलं

डिसेंबरात मामेभाऊ शिकागोहून एका लग्नाला आला. मी आधीच सांगून ठेवलं होतं. हातातल्या बॅगेत ब्लेड नेऊ देत नाहीत, म्हणून त्याने ते मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवलं होतं. २० पात्यांचं पाकीट. एका पात्याच्या पैशात इथे साध्या ब्लेडची दोन-तीन पाकिटं येतील. तो म्हणाला, "तिकडेही आता शोधावं लागतं."

रेझर मी गरम पाण्यात भिजवून, तेल सोडून तयार ठेवला होता. डबीची जीभ फटीत घातली आणि खटका दाबला. अडलं. अम्मी शेजारी उभी होती. पुन्हा दाबला. कुरकुर झाली, नवं पातं आत सरकलं आणि दुसऱ्या बाजूने जुनं, तांबूस झालेलं पातं बाहेर येऊन टेबलावर पडलं.

अम्मी म्हणाली, "शेवटचं."

मला आधी समजलं नाही. मग लक्षात आलं. नानांच्या गालाला लागलेलं ते शेवटचं पातं. अठ्ठावीस वर्षं ते त्या फटीत होतं.

अम्मीने मग जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. नाना हजला जाऊन आले आणि त्यांनी दाढी ठेवली. पण रेझर सुटला नाही. दाढीवाल्यालाही रेझर लागतो, गाल आणि गळा साफ करायला. उर्दूत याला 'खत' म्हणतात. खत म्हणजे पत्र, खत म्हणजे रेघ आणि खत म्हणजे दाढीची कड. दर जुम्म्याला नाना आरशासमोर बसून स्वतःचा खत काढायचे. गावातल्या न्हाव्याकडे ते केसांसाठी जात, गाल मात्र कुणाच्या हातात देत नसत. बोटीवर लागलेली सवय.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. तीन आठवड्यांत दाढी अस्ताव्यस्त वाढली. नानांना ते सहन होत नव्हतं. डाव्या हाताने गालाला हात लावून ते डोळे मिटायचे. मामूंनी रेझर हातात घेतला, पण बापाच्या गालावर फिरवायचं धैर्य त्यांना झालं नाही. शेवटी शेजारच्या वाडीतल्या न्हाव्याला निरोप गेला. बाकीचे दिवस दुकान असायचं, म्हणून तो सोमवारी आला. आपल्या सुट्टीच्या दिवशी. धोकटी घेऊन, चार किलोमीटर चालत.

त्याने आपला वस्तरा काढला. नानांनी मान हलवली आणि डोळ्यांनी डब्याकडे दाखवलं. न्हाव्याने तसला रेझर कधी हातात धरला नव्हता. तो थोडा वेळ पाहत राहिला, आपल्या हातावरचे दोन केस काढून त्याने धार आणि कोन समजून घेतला आणि मग नानांचा खत काढला. नानांनी मान मागे टाकली होती, गळा पूर्ण उघडा. त्यानंतर दर सोमवारी तो येत राहिला, पाच आठवडे. नानीने जास्त पैसे पुढे केले तर म्हणायचा, "कामाचे घेतो, येण्याचे नाही."

ते पातं त्याच्या हातून शेवटचं फिरलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी, जुम्म्याला, त्या रेझरने दाढी केली. इंजेक्टरला दाब द्यायचा नसतो. डोकं गालावर सपाट टेकवायचं, कोन आपोआप बसतो, वजनानेच काम होतं. हनुवटीखाली एकदा कापलं, नानांच्याच तुरटीने थांबवलं. एक पातं पाच-सहा वेळा चालतं. आठवड्यातून एकदा म्हटलं तर २० पाती दोन वर्षं पुरतील. नंतर मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर रेझर पुन्हा डब्यात जाईल.

तांबूस पातं कागदात गुंडाळून अम्मीने तुरटीशेजारी ठेवलं आहे. त्या न्हाव्याचं नाव मी तिला विचारून घेतलं आणि डायरीत लिहून ठेवलं. नानांच्या नावाखाली.